ठेकेदार जोतिराव फुले आणि तुमच्या घरातला बांधकाम कामगार

तुम्ही हडपसर, मांजरी, मुंढवा किंवा फुरसुंगीच्या बाजूला राहत असाल, तर खिडकीतून एखादी तरी अर्धवट इमारत आणि तिच्यावरची क्रेन दिसतच असेल. त्या इमारतीवर काम करणारा गवंडी, सेंट्रिंगवाला, बिगारी किंवा फरशीवाला कदाचित तुमच्याच घरातला असेल. आमच्या दवाखान्यात असे रुग्ण रोज येतात. कोणाच्या पायात खिळा घुसलेला असतो, कोणाच्या डोळ्यात सिमेंट गेलेले असते, तर कोणाचा खोकला तीन महिन्यांपासून थांबलेला नसतो. उपचार सुरू करताना मी एक प्रश्न हमखास विचारतो : कामावर पहिल्या दिवशी तुम्हाला काय शिकवले? बहुतेकांचे उत्तर एकच असते. हेल्मेट दिले.

हेल्मेट देणे म्हणजे शिकवणे नव्हे. हा फरक समजावून सांगताना मला नेहमी एक माणूस आठवतो. त्याला तुम्ही शाळेच्या पुस्तकातून ओळखता. पण तो बांधकामाचा ठेकेदार होता, हडपसरला लागून असलेल्या मांजरीत त्याची शेती होती आणि मजुरांसाठी त्याने आपल्या घरात शाळा चालवली होती, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. हा माणूस म्हणजे महात्मा जोतिराव फुले. त्यांचे आयुष्य आज आपण कामगाराच्या तब्येतीच्या नजरेने पाहू. मध्ये मध्ये मी डॉक्टर म्हणून थांबेन, ते तेवढे चालवून घ्या.

मध्येच सुटलेली शाळा

जोतिराव १८२७ साली पुण्यात जन्मले. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. फुलांच्या व्यवसायामुळे गोऱ्हे हे आडनाव मागे पडून फुले झाले. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले, पण काही वर्षांतच काढून घेतले आणि मुलगा शेतावर राबू लागला. तेराव्या वर्षी सावित्रीबाईंशी लग्न झाले. मुलगा हुशार आहे, त्याला शिकू द्या, असे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांना पटवले, म्हणून १८४१ मध्ये जोतिराव पुन्हा शाळेत गेले. स्कॉटिश मिशनच्या शाळेतले शिक्षण १८४७ मध्ये पूर्ण झाले.

शाळा सुटून हातात कुदळ येणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे : १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा, सावित्रीबाईंचे शिकवणे, आणि त्यापायी दोघांनी सोडलेले वडिलांचे घर. आपल्या विषयासाठी त्यानंतरचे १८५५ हे साल जास्त महत्त्वाचे आहे.

रात्रीची शाळा

त्या वर्षी जोतिराव आणि सावित्रीबाईंनी राहत्या घरी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर ओझी वाहून आलेली मोठी माणसे तिथे अक्षरे गिरवायची. जोतिरावांनी तृतीय रत्न हे नाटकही त्याच वर्षी लिहिले. ज्याला वाचता येत नाही त्याला बघता आणि ऐकता येते, हे त्यांना कळलेले होते. पुढे त्यांनी पोवाडे रचले, अखंड रचले, तेही याच माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी.

आता आजची साइट डोळ्यासमोर आणा. फाटकावर सुरक्षेच्या नियमांचा मोठा फलक असतो. त्यावर बारीक अक्षरांत पंधरा-वीस नियम असतात, बहुधा इंग्रजीत. फाटकातून आत जाणारा माणूस मराठवाड्यातला असेल, बिहारमधला, झारखंडचा किंवा कर्नाटकातला. त्या फलकाचा त्याला किती उपयोग? नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी, कामाला हात लावण्याआधी, त्याच्या भाषेत आणि प्रत्यक्ष दाखवून शिकवले पाहिजे. तेही पगारी वेळेत. दहा तास राबून झाल्यावर घेतलेला वर्ग डोक्यात शिरत नाही. जोतिरावांची शाळा रात्रीची होती, कारण दिवसा शिकायला वेळ देणारा मालक तेव्हा नव्हता. आज ती अडचण सांगता येत नाही.

चांगल्या साइटवर रोज सकाळी काम सुरू होण्याआधी दहा-पंधरा मिनिटे सगळ्यांना एकत्र उभे करून त्या दिवसाच्या कामातले धोके सांगतात. कामगार त्याला टूलबॉक्स टॉक किंवा नुसते टीबीटी म्हणतात. तुमच्या घरातल्या माणसाला आज संध्याकाळी विचारा, तुमच्याकडे टीबीटी होते का? होत असेल तर आज काय सांगितले? त्याला एक वाक्यही आठवत नसेल, तर ते टीबीटी फक्त वहीवर सह्या घेण्यापुरते होत आहे.

चुना, दगड आणि उंची

शाळा चालवायची तर पैसा लागतो. जोतिरावांनी लोकांकडे हात पसरण्याऐवजी धंदा केला. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते. दगड, चुना, विटा पुरवणे आणि सरकारी बांधकामांचे ठेके घेणे हा या कंपनीचा व्यवसाय. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल आणि खडकवासल्याचे धरण या कामांशी जोतिरावांचे नाव जोडले जाते. धातू ओतायच्या मुशी विकण्याचे दुकानही त्यांनी चालवले. समाजसुधारक म्हटले की आपण कफल्लक माणूस डोळ्यासमोर आणतो. जोतिराव तसे नव्हते. ते हिशेब जाणणारे, मजुरांमध्ये वावरणारे व्यावसायिक होते.

त्या काळचे बांधकाम म्हणजे डोंगर फोडून दगड काढायचा, घणाने तासायचा, बैलाच्या घाणीत चुना मळायचा आणि बांबूच्या परांचीवरून वर चढवायचा. सुरुंगाने दगड उडे, चुन्याने कातडी सोलवटे, परांचीवरून माणूस पडे. त्या काळात ना हेल्मेट होते, ना एक्स-रे, ना रुग्णवाहिका. दीडशे वर्षांनंतर चुन्याच्या जागी सिमेंट आले, बांबूच्या जागी लोखंडी पाइप आले आणि घणाच्या जागी कटर आला. माझ्या टेबलासमोरच्या जखमा मात्र फारशा बदललेल्या नाहीत.

चुन्यापासूनच सुरुवात करू. चुना आणि ओले सिमेंट दोन्ही तीव्र अल्कली आहेत. आम्ल अंगावर पडले की लगेच आग होते आणि माणूस हात झटकतो. ओले सिमेंट तसे करत नाही. स्लॅब भरताना ते गमबुटात शिरते, गुडघे टेकून काम करताना पँटमधून झिरपते, आणि दुखणे जाणवेपर्यंत काही तास गेलेले असतात. तोवर कातडी खोलवर भाजलेली असते. म्हणून बुटात सिमेंट गेले की काम थांबवून बूट काढायचा, कपडे बदलायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. वर्षानुवर्षे हाताला भेगा, खाज आणि पाणी सुटत असेल, तर ती सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी असू शकते. नुसते तेल लावून ती जात नाही. कामाचे हातमोजे बदलावे लागतात आणि उपचारही घ्यावे लागतात.

डोळ्याच्या बाबतीत तर मिनिटे मोजावी लागतात. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेले तर रिक्षा शोधत बसू नका. जागेवरच, जे स्वच्छ पाणी असेल त्याने, पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान वीस ते तीस मिनिटे डोळा धूत राहा. चुन्याचा खडा पापणीखाली अडकला असेल तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद काढा. तूप, मध, दूध, लिंबू यातले काहीही घालू नका. धुऊन झाल्यावर रुग्णालयात जा आणि काय गेले होते ते सांगा. ज्यांनी आधी धुतले आणि मग धावपळ केली त्यांचा डोळा वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, असे मला दरवेळी वाटते.

दगडाची धूळ उघड्या डोळ्यांना दिसते, पण घात करते ती न दिसणारी. दगड, काँक्रीट, टाइल्स, ग्रॅनाइट कापताना सिलिकाचे अतिसूक्ष्म कण उडतात आणि फुप्फुसात खोलवर बसतात. तिथे हळूहळू व्रण तयार होतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. सुरुवातीला जिना चढताना दम लागतो आणि कोरडा खोकला येतो, पुढे चालतानाही धाप लागते. गेलेले फुप्फुस परत आणणारे औषध नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयरोग सहज शिरतो. दाखवायला येणाऱ्याला माझी विनंती असते की खोकल्याबरोबर आपला धंदाही सांगा. पाथरवट, फरशी कापणारा, काँक्रीट फोडणारा, हे शब्द ऐकले की डॉक्टर वेगळा विचार करतात. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. कापताना पाण्याची धार सोडणे हा सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय आहे. त्यासोबत नाकावर घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवा. साइट कोरड्या झाडूने झाडू नका, आधी पाणी शिंपडा.

आता उंचीबद्दल. बांधकामावरचे सर्वांत जास्त जीव पडण्याने जातात. दहाव्या मजल्यावरून पडणाऱ्याची बातमी होते. पण मी पाहिलेले बरेचसे गंभीर मार घोडीवरून, अर्ध्या मजल्यावरून, झाकण नसलेल्या डक्टमधून किंवा लिफ्टच्या खड्ड्यात पडल्याचे आहेत. जमिनीपासून दोन मीटरच्या वर काम असेल तर कठडा किंवा सेफ्टी बेल्ट हवाच. बेल्ट म्हणजे नुसता कमरेचा पट्टा नव्हे. कमरेच्या पट्ट्यावर माणूस लटकला तर पोट आणि कणा यांनाच इजा होते. खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा बेल्ट हवा. त्याचा हूक डोक्याच्या वर, पक्क्या ठिकाणी अडकवलेला हवा. परांचीच्याच सैल पाइपला अडकवलेला हूक परांचीबरोबर खाली येतो.

एखादा पडलाच, तर आजूबाजूचे लोक प्रेमापोटी जे करतात त्यानेच पुष्कळदा नुकसान होते. त्याला उठवून बसवतात, पाणी पाजतात, हातपाय धरून टेम्पोत टाकतात. मानेचे हाड मोडलेले असेल तर या उचलाउचलीत कायमचे लुळेपण येऊ शकते. त्याला हलवू नका. एकाने डोके आणि मान सरळ रेषेत धरून ठेवावे, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एकाच वेळी कुशीवर वळवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. आणि डोक्याला मार लागून माणूस घरी आला, चांगला बोलतोय, जेवतोय, तरी पुढचे एक-दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, एक बाहुली मोठी दिसणे, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांतले काहीही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

हजेरीच्या वहीतली लूट

ठेकेदार म्हणून वावरताना जोतिरावांनी सरकारी इंजिनियर खात्याचा कारभार आतून पाहिला. स्वतः त्याच खात्याची कामे घेत असताना त्यांनी त्या खात्यातल्या लुटीवर पोवाडा रचला. धंदेवाईक माणूस असे सहसा करत नाही. अडाणी मजुराला कागद वाचता येत नाही, म्हणूनच त्याला फसवता येते, हे त्यांचे आयुष्यभराचे सांगणे होते. १८७३ मध्ये गुलामगिरी प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

आजच्या कामगाराचा कागदही नीट पाहण्यासारखा आहे. केंद्राने १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी वेगळा कायदा केला. सुरक्षेचे ते नियम आता २०२० च्या कामगार संहितेत घेतले आहेत. बांधकामाच्या खर्चाच्या १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जातो. महाराष्ट्रात त्यासाठी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वय १८ ते ६० च्या दरम्यान असेल आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल, तर मंडळाकडे नोंदणी करता येते. आजारपण, अपघात, बाळंतपण, मुलांचे शिक्षण यांसाठीची मदत या नोंदणीवर अवलंबून असते. मंडळाकडून सुरक्षा संचाची पेटीही मिळते. आमच्याकडे पाय मोडून आलेल्या माणसाची बायको खर्चाच्या विवंचनेत बसलेली असते आणि चौकशी केली की कळते, नोंदणी झालेलीच नाही किंवा नूतनीकरण राहून गेले आहे. ठेकेदार बदलला की ९० दिवसांचा दाखला मिळवणे अवघड जाते, म्हणून काम सुटण्याआधीच तो मागून घ्या.

मांजरीचा मळा

खडकवासल्याचे धरण झाले आणि उजवा मुठा कालवा पुण्यातून पूर्वेकडे आला. तो आजही हडपसरमधून जातो, तुम्ही त्याच्या कडेने कितीदा गेला असाल. कालव्याचे पाणी आले तरी शेतकरी ते घ्यायला बिचकत होते. जोतिरावांनी मांजरीला जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर बागायती करून दाखवली. भाषण देऊन जे पटले नसते ते उभ्या पिकाने पटवले. पुढे १८८३ मध्ये त्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला, त्यामागे हा मातीतला अनुभव होता.

सुरक्षेचे शिक्षणही असेच करून दाखवावे लागते. बेल्ट कसा घालायचा हे सांगून कळत नाही. एकदा घालून, हूक अडकवून, त्यावर भार टाकून बघितला की विश्वास बसतो. मुकादम स्वतः बेल्टशिवाय कडेवर उभा राहत असेल, तर बाकीच्यांना कितीही व्याख्याने द्या, फरक पडणार नाही. खड्ड्याचेही तसेच. पायासाठी किंवा ड्रेनेजसाठी दीड मीटरपेक्षा खोल चर खणला, तर बाजूंना आधार हवा किंवा उतार हवा. खणून काढलेली माती कडेवर रचायची नाही. पावसानंतर तपासल्याशिवाय आत उतरायचे नाही. माती ढासळून कोणी गाडला गेला तर दुसऱ्याने धावत आत उडी मारू नये. दुसरी दरड त्याच्यावर येते. हे वाचायला कठोर वाटते, पण एका माणसामागे दोन गेल्याची उदाहरणे आहेत.

इथेच राहण्याच्या जागेबद्दलही बोलले पाहिजे, कारण धोका ड्युटी संपल्यावर संपत नाही. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. तीनच दिवसांनी आंबेगावात भिंत पडून सहा जण गेले. कोंढवा हडपसरपासून हाकेच्या अंतरावर आहे. तुमची खोली एखाद्या उंच भिंतीला टेकून असेल, भिंतीपलीकडे मातीचा भराव असेल, भिंतीत भेग, फुगवटा किंवा पाणी झिरपताना दिसत असेल, तर पावसाळ्याआधी जागा बदलून मागा. मुलांना घेऊन राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

रविवारची सुट्टी

जोतिरावांच्या तालमीत तयार झालेले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी झाले. दीनबंधू हे पत्र त्यांनी चालवले, गिरणी कामगारांची संघटना बांधली. त्यांच्या लढ्यातून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण जी सुट्टी गृहीत धरतो तिच्यामागे हे लोक आहेत. पण बांधकामावरच्या रोजंदारीच्या माणसाला विचारा, रविवारी काय करतोस? बहुधा काम, कारण सुट्टी म्हणजे बुडालेला रोज.

थकलेल्या शरीराचे भान उशिरा येते. हात निसटतो, पाऊल चुकते, हूक लावायचा राहून जातो. उन्हाळ्यात तर गावाहून नव्याने आलेल्या कामगाराला शरीर सरावण्यासाठी एक ते दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत त्याला पूर्ण भार देऊ नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. काम करता करता माणूस अडखळू लागला, बरळू लागला, अंग तापले, तर तो उष्माघात आहे. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असे समजू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि मग रुग्णवाहिकेची वाट पाहा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

आणि दारू. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये, जोतिरावांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांना विरोध केला होता. अंगदुखी घालवायला संध्याकाळी घेतलेली दारू सकाळी परांचीवर तोल घालवते. हे मी कोणाला उपदेश म्हणून सांगत नाही, अंग का दुखते तेही मला माहीत आहे. पण रोज घ्यावी लागत असेल तर डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, सोडण्यासाठी औषधांची मदत मिळते. एकदम बंद केल्यावर हात थरथरणे, भास होणे असे झाले तर ती तातडीची बाब आहे.

जोतिरावांचा पक्षाघात

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतिरावांचा सत्कार झाला आणि लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्यांचे स्नेही डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. थोडे बरे वाटल्यावर जोतिराव डाव्या हाताने लिहायला शिकले. वयाच्या साठीत, आयुष्यभर उजव्या हाताने लिहिलेल्या माणसाने. सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक त्यांनी तसे पूर्ण केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले.

घोल्यांच्या काळात रक्तदाब मोजण्याचे यंत्र दवाखान्यात नव्हते. आज ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही असते, आणि तरी चाळिशीतल्या गवंड्याचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला जातो तो अतिदक्षता विभागात. उंचीवर काम करणाऱ्याचा रक्तदाब, साखर, नजर आणि कान वर्षातून एकदा तपासले पाहिजेत. फिट येणाऱ्याने किंवा चक्कर येणाऱ्याने ते लपवू नये. जमिनीवरचे काम मागता येते. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे जड होणे, अचानक तोल जाणे, ही पक्षाघाताची चिन्हे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून त्रास केव्हा सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच जा. लुळ्या पडलेल्या हातापायांचे व्यायाम लवकर सुरू केले तर पुष्कळ सुधारणा होते. जोतिरावांच्या वेळी आजच्यासारखी फिजिओथेरपी नव्हती.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतिराव गेले. त्यानंतर आठवडाभरातच, ४ डिसेंबरला, बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताच्या विषावर उतारा तयार करता येतो हे प्रसिद्ध केले. तोवर गंजका खिळा किंवा मातीत बरबटलेली जखम म्हणजे जबडा आवळून येणारे मरण असू शकत होते. आता त्यावर लस आहे. दर दहा वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाचा डोस घ्या. जखम खोल किंवा मळकी असेल आणि शेवटचा डोस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा एक घ्यावा लागतो. प्रत्येक छोट्या खरचटण्याला इंजेक्शन घेत सुटण्याची गरज नाही, पण मागचे कधी घेतले हे एका कागदावर लिहून ठेवा.

हडपसरचा ससाणे मळा

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. जोतिराव नव्हते, पण सावित्रीबाई होत्या आणि त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झालेला होता. दोघांनी शहराबाहेर मोकळ्या हवेत दवाखाना उघडला, तो हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात. मुंढव्याच्या वस्तीतला एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणला. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोखंडेही त्याच साथीत, महिनाभर आधी, रुग्णांची सेवा करताना गेले होते.

आता त्या भागात दवाखान्यांची कमतरता नाही. मुंढव्यापासून हडपसरपर्यंत पाठीवर कोणाला आणावे लागत नाही, १०८ ला फोन केला की गाडी येते. साइटवर गाडी फाटकापर्यंत कुठून येईल, आत कोण घेऊन येईल, स्ट्रेचर कुठे आहे आणि फोनवर सांगायचा पत्ता काय, हे मात्र अपघात होण्याआधी ठरलेले असावे लागते. नव्या साइटला नकाशावर नाव नसते, मजुराला सर्व्हे नंबर माहीत नसतो, आणि गाडी गल्लीबोळांत फिरत राहते. तुमच्या माणसाला आज एवढे विचारून घ्या : तुझ्या साइटच्या जवळची ठळक खूण कोणती, आणि मुकादमाचा नंबर काय. दोन्ही लिहून घरात, फोनच्या शेजारी लावून ठेवा. दवाखान्यात येताना मंडळाचे नोंदणीचे कार्ड, आधार, धनुर्वाताच्या डोसचा कागद आणि चालू असलेली औषधे एका पिशवीत घालून आणा.